दाराकडे तोंड केलेली गाडी

आधीच सांगून टाकते – मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. या ग्रुपवरचे अनुभव रोज चहासोबत वाचते आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसते. पिंपळ, पैंजण, मागे वळून न बघण्याची अट... मैत्रिणीने एकदा विचारलं, तुला भीती नाही का वाटत? मी म्हटलं, बाई, मला बारावीच्या निकालाची भीती वाटते, तेवढी पुरते. तर असं माझं डोकं. पुढचं वाचून तुमच्यापैकी कोणी हसलं तर मला राग येणार नाही. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मीही हसलेच असते.

प्रकरण एका मोटरसायकलच्या बॅटरीचं आहे. हो, बॅटरीचंच.

गाडी बाबांची. बाबा अमरावतीचे वकील, पण वकिली सगळी नांदगाव खंडेश्वरच्या कोर्टात. आयुष्यभर मोटरसायकलवर जाणं-येणं. आधीच्या गाड्या झिजवून शेवटी ही घेतली – किक नसलेली, नुसत्या सेल्फची. "किक नाही तं गाडी काय कामाची?" असं शोरूममध्येच कुरकुरले आणि तरी घेऊन आले.

त्यांची एक सवय होती. अंगणात गाडी नेहमी दाराकडे तोंड करून लागायची. सकाळी काळा कोट घालून ते बाहेर यायचे, गाडी सुरू करायचे आणि तिथेच बसून राहायचे – आई दारात येईपर्यंत. हाक मारायची नाही, हॉर्न वाजवायचा नाही. नुसता दारावर डिपर मारायचा... लावला, बंद केला, परत लावला. आई कणकेच्या हातांनी यायची, चौकटीत उभी राहायची आणि म्हणायची, "सावकाश जा." बाबा म्हणायचे, "येतो." मगच गाडी हलायची. एकदा आई कशावरून तरी रुसली होती, मुद्दाम आली नाही. हा माणूस बाहेर बसून राहिला आणि तिकडे कोर्टात त्यांच्या नावाचा पुकारा होऊन गेला. शेवटी आईच हरली. "जजसाहेब परवडले, पन या मानसाची पेशी नाई परवडत," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

आई गेली. त्यानंतर बाबांचं विसरणं वाढत गेलं. आधी चष्मा, मग अशिलांची नावं, मग आई गेल्याचंच. मी त्यांना अकोल्याला माझ्याकडे आणलं – जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या या बाजूला माझं छोटंसं घर आहे. गाडीशिवाय ते यायलाच तयार नव्हते, म्हणून गाडीही आली. अंगण अरुंद, त्यामुळे इथेही ती दाराकडे तोंड करूनच उभी राहिली.

रोज सकाळी बाबांच्या डोक्यात पेशी, म्हणजे कोर्टाची तारीख, असायची. कोट घालून तयार. मी निघताना दिसले की ओढणी धरायचे, "थांब, मलेही नांदगावले जायचं आहे." एकदा माझा डोळा चुकवून निघून गेले आणि पुलाजवळ सापडले, ट्रकच्या मध्ये उभे. त्या दिवसापासून मी बाहेरून कडी लावायला लागले. ते पेपर घेऊन बसले की मी चपला हातात घेऊन हळूच सटकायची, कडी सरकवायची, कुलूप घालायची आणि माझ्या स्कूटीवरून कॉलेजला पळायची. गल्लीत समोरच्या रजियाखाला शिवणकाम करतात, त्यांच्याकडे दुसरी किल्ली. दार उघडलं की बाबा निघतील, म्हणून खाला दुपारी खिडकीच्या जाळीतून त्यांना चहा द्यायच्या. वकील माणूस, जाळीतून चहा घेतोय... मी वर्गात करंट इलेक्ट्रिसिटी शिकवत असायची आणि डोळ्यासमोर ती जाळी असायची. कडी मी लावायची, पण दिवसभर कोंडल्यासारखं मलाच व्हायचं.

या सगळ्यावर एकच उतारा होता – संध्याकाळची चक्कर. मी परतले की बाबांना मोटरसायकलवर मागे बसवायची आणि पुलापर्यंत न्यायची. माझ्या स्कूटीवर ते बसायचेच नाहीत, कोर्टात जायला त्यांना हीच गाडी लागायची. ते माझा खांदा घट्ट धरून विचारायचे, "नांदगाव आलं का वं?" मी म्हणायची, "बाबा, आज कोर्टाला सुटी आहे." मग दोघं परत. एवढ्यावर बाबा शांत जेवायचे, शांत झोपायचे. ज्या दिवशी चक्कर नाही, त्या दिवशी रात्रभर दार ठोकायचे, आणि दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात उभ्या उभ्या पेंगायची. पुण्याहून भावाचा फोन यायचा, "ताई, इकडे एक चांगला वृद्धाश्रम आहे, बघून ठेवलाय." बघून ठेवायला त्याला बरोबर वेळ मिळतो. मला बाबांना तिथे पाठवायचं नव्हतं आणि नोकरीही सोडता येत नव्हती. दोन्ही धरून ठेवणारी एक दोरी होती, ती म्हणजे ही चक्कर. तर मंडळी, हिवाळा सुरू झाला आणि गाडीची बॅटरी उतरायला लागली.

संध्याकाळी बटण दाबावं तर नुसती टक् टक्. धक्का मारून गाडी सुरू करावी तर मागे बाबांना कोण सांभाळणार? बंडूभाऊ मेकॅनिकला बोलावलं. त्याने चार्ज करून दिली, दुसऱ्या संध्याकाळी परत तेच.

"मॅडम, कुठंतरी करंट खाऊन राहिली गाडी," तो म्हणाला. "सापडंल, जाते कुठं!"

सापडलं नाही. त्याने रेग्युलेटर बदलला, चावीचं स्विच बदललं, वायरिंग सगळं उघडून कुठे उंदराने कुरतडलंय का ते पाहिलं. शेवटी नवी बॅटरी टाकली. नवीही उतरली. मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. कॉलेजच्या लॅबमधून मल्टिमीटर आणला, निगेटिव्ह वायर काढून मीटर मध्ये जोडला, गाडी बंद ठेवून गळती मोजली. जवळजवळ शून्य. एवढ्या करंटने बॅटरी उतरायला कित्येक महिने लागले असते. इथे ती सकाळी फुल्ल आणि संध्याकाळी मेलेली. मी मीटर बदलला, परत मोजलं. तेच.

फ्यूज काढून ठेवला, तरी बॅटरी उतरली. मग निगेटिव्ह वायरच काढून पर्समध्ये टाकून कॉलेजला गेले – आता सर्किटच पूर्ण होत नाही, आता करंट जाणार कुठून? संध्याकाळी वायर जोडली. टक् टक्.

त्या दिवशी मी अंगणात गाडीला टेकून खालीच बसले आणि रडले. बाबा खिडकीतून बघत होते. "काहून रडतं? पेशी हारली का?" त्यांनी विचारलं.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. रविवारी, सुटीच्या दिवशी, मी घरी असले की बॅटरी ठणठणीत. म्हणजे माझ्यामागे कोणीतरी काहीतरी करतंय. पण चावी माझ्या पर्समध्ये, बाबा कुलपात. मी रजियाखालांना विचारलं, तर त्याच माझ्यावर चिडल्या.

"मी तुलाच म्हननार होती बेटी. तू लाइट चालू ठेवून काहून जाते? दिवसाढवळ्या जलत राहते ना. बुझती है, जलती है... डोळे दुखतात माझे मशीनवर बसून."

"कुठली लाइट, खाला?"

"अगं, गाडीची! दरवाजे पे पडते सीधी."

मी म्हटलं, ऊन पडत असेल काचेवर. खाला मान हलवून परत मशीनवर जाऊन बसल्या. अंगणात सकाळी ऊन येतच नाही, आणि या गाडीचा हेडलाइट इंजिन चालू असल्याशिवाय लागतही नाही. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या.

पुढच्या सोमवारी मी रजा टाकली. बॅटरीच काढली – नुसती वायर नाही, पूर्ण बॅटरी – आणि खालांच्या शिवणाच्या टेबलावर नेऊन ठेवली. मीटर लावून पाहिला, फुल्ल. मग नेहमीसारखी तयार झाले. बाबा पेपर घेऊन बसल्यावर चपला हातात घेतल्या, बाहेर आले, कडी, कुलूप. स्कूटी कोपऱ्यापर्यंत नेऊन लावली आणि गल्लीच्या मागून खालांच्या घरात शिरले. त्यांच्या खिडकीतून माझं अंगण, गाडी आणि दार, तिन्ही सरळ दिसतात.

थोडा वेळ काहीच नाही. खाला काज करत होत्या. बॅटरी माझ्यासमोर टेबलावर होती, माझा एक हात तिच्यावर होता.

आणि गाडीचा लाइट लागला.

भगभगीत नाही, साधा. दारावर पिवळा गोल पडला. विझला. परत लागला. विझला. परत... खालांनी सुई खाली ठेवली आणि तोंडातल्या तोंडात काही म्हणायला लागल्या. इंजिनाचा आवाज नाही, गाडीवर कोणी नाही. नुसता डिपर. तो कोणाचा हात आहे हे मला कळायला वेळ लागला नाही. तो ताल मी शाळेत असल्यापासून बघत आले होते.

मग घरातून बाबांचा आवाज आला. दार ठोकत होते.

"कमल! ये न वं दारात. मी केव्हाचा बाहेर उभा आहो..."

कमल म्हणजे माझी आई. आणि बाबा आत होते. कुलपाच्या आत होते आणि म्हणत होते, मी बाहेर उभा आहे.

"बाहेर उभा आहो मी, दार लावून कोनी घेतलं? माही पेशी आहे... कमल!"

सांगते ते खरं मानायचं असेल तर माना – भीती नंतर वाटली. आधी मला लाज वाटली. रोज हा माणूस असा उभा राहत होता, बॅटरी मरेपर्यंत, आणि दारात कोणी येत नव्हतं. कारण दाराला मी बाहेरून कडी घातली होती.

मी धावत गल्ली ओलांडली. लाइटच्या मधून गेले, अंगाला काही लागलं नाही. कुलूप उघडलं, आत शिरले. बाबा कोट घालून दाराशीच उभे होते. त्यांनी मला पाहिलं नाही, माझ्या मागे पाहत होते, बाहेर. मला काय सुचलं सांगता येत नाही. मी वळले आणि आई उभी राहायची तशी चौकटीत उभी राहिले, तोंड गाडीकडे करून. लाइट सरळ डोळ्यांवर येत होता. बाबा माझ्या पाठीशी.

मी म्हटलं, "सावकाश जा."

मागून बाबा म्हणाले, "येतो."

स्वच्छ आवाजात. कोर्टातल्या आवाजात. कित्येक महिन्यांत तो आवाज मी ऐकला नव्हता. लाइट विझला. मी वळून पाहिलं तर बाबा खुर्चीत जाऊन बसले होते, हात मांडीवर ठेवून. मी कोट काढला, त्यांनी काढू दिला.

हेडलाइटच्या काचेला हात लावला तर कोमट होती. थंडीत, सावलीत. संध्याकाळी खालांच्या टेबलावरच्या बॅटरीला मीटर लावला. ती उतरलेली होती.

ती चार्ज करून परत बसवली. त्यानंतर आजपर्यंत एकदाही उतरलेली नाही. बंडूभाऊ म्हणतो, "कुठंतरी लूज असंल, बसलं असंल आपोआप." डॉक्टर म्हणतात, या आजारात अशी पायरी येते, पेशंट शांत होतो. भाऊ म्हणतो, बरं झालं ना ताई, तुझा त्रास वाचला. सगळ्यांकडे उत्तर आहे, फक्त टेबलावरच्या बॅटरीचं कोणाकडेच नाही. माझ्याकडेही नाही. वर्गात करंटचा तो धडा आला की मी फळ्याकडे तोंड करून भरभर शिकवते.

बाबा आता कोट मागत नाहीत. ओढणी धरत नाहीत. भरवलं की जेवतात, झोपवलं की झोपतात. चक्कर मारायला नेलं तर मागे बसतात, पण खांदा धरत नाहीत, मलाच एका हाताने त्यांना धरावं लागतं. पुलावर कधीच विचारत नाहीत, नांदगाव आलं का. मी मुद्दाम सांगून पाहिलं, "बाबा, आज कोर्टाला सुटी आहे." काही नाही. मी कोण, हेही विचारत नाहीत.

दाराला कडी लावायची गरज उरलेली नाही. उघड्या दारासमोर दिवसभर बसले तरी उठत नाहीत. खाला आता चहा आत येऊन देतात. मला हवं होतं ते सगळं मिळालं, आणि मी कधी नव्हे इतकी घराला बांधली गेले. अमरावतीच्या कॉलेजात चांगली जागा निघाली होती, मी अर्ज केला नाही. गाडी विकून टाक म्हणून भाऊ मागे लागलाय, विकणार नाही. "येतो" म्हणून गेलेल्या माणसाला आमच्याकडे कोणी दार बंद करत नाही.

कॉलेज सुटलं की मी कुठेही न थांबता घरी येते. गाडी पुसते, तिचं तोंड दाराकडे आहे ना ते पाहते, आणि दार सताड उघडं ठेवून चौकटीत बसते. आत खुर्चीत बाबा असतात. आणि मी बाबांची वाट पाहत असते.