एक पाय झुडपात

ज्यांना आम्ही झुडूप सर म्हणायचो, त्यांना वाटेत कुठलंही झुडूप दिसलं की ते चपला काढायचे. एक पाय झुडपाखालच्या मातीवर, दुसरा बाहेर उन्हात, आणि डोळे मिटून उभे. अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर घाणेरीच्या जाळीत पाय घालून उभा असलेला हा माणूस पाहून येणारे-जाणारे थबकायचे. कुणाला वाटायचं काटा मोडलाय, कुणाला वाटायचं नवस फेडतोय. एकदा फिरायला निघालेल्या एका रिटायर्ड सुभेदारसाहेबांनी काळजीनं विचारलं, "काय हरवलंय का?" सर डोळे न उघडता म्हणाले, "थांबा, अजून उजव्या पायाचं ऐकून व्हायचंय." त्या दिवसापासून सुभेदारसाहेबांनी वाट बदलली, असं आम्ही मुलं रंगवून सांगायचो. खरंखोटं देव जाणे.

सर आम्हाला साताऱ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कोरेगावाहून एसटीनं यायची आणि पहिल्या तासाला हमखास उशीर करायची. सर उत्तर ध्रुवाच्या अलीकडच्या मुलखातल्या एका विद्यापीठात पीएच.डी. करून आलेत, अशी कॉलेजात समजूत होती. ती अर्धीच खरी होती, कारण ते पीएच.डी. अर्धी टाकून आले होते. सांगलीकडच्या गावी आई दम्यानं अंथरुणाला खिळली, तेव्हा हा एकुलता एक मुलगा सगळं सोडून परतला आणि आईला घेऊन साताऱ्यात दोन खोल्यांत राहू लागला. आई हिंडूफिरू लागली. काम मात्र तिथंच अडलं. आता तिकडचे मार्गदर्शक निवृत्त व्हायला आले होते. त्याआधी त्यांच्या हाती संशोधनाचं उत्तर पडलं नाही तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती.

सरांनी याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. आम्हाला कळलं ते त्यांच्या आईकडून. तिला आम्ही आक्का म्हणायचो. सर खोलीत नसले की ती हळूच म्हणायची, "माझ्या खोकल्यानं पोराचं शिक्शान खाल्लं बघ." आणि सरांची चाहूल लागली की विषय बदलून माझ्या वेणीला नावं ठेवायची.

त्या उत्तरेकडच्या मुलखात म्हणे झाडं उभीच राहत नाहीत. गुडघ्याएवढी झुडपं, वर्षातले बरेच महिने बर्फ आणि मोकाट वारा. सरांचा सगळा जीव त्या झुडपांत अडकला होता. "हवा बदलली की झुडपं बदलतात, हे सगळेच मानतात," ते म्हणायचे. "पण झुडपं बदलली की हवाही बदलते, हे मला दाखवायचंय. झुडूप हवेचं नुसतं ऐकत नाही, तिला सुनावतंसुद्धा. एक पाय झुडपाखाली, एक उन्हात ठेवलात की कळेल." एरवी ते शांत, छापील मराठी बोलायचे, हे सांगताना मात्र अंगात आल्यासारखे हात हलवायचे.

हे दाखवायला तिकडं मोठं गणकयंत्र होतं. साताऱ्यात आम्ही होतो. सरांनी दर रविवारी कॉलेजचा रिकामा हॉल मागून घेतला. खाली शहाबादी फरशी. एकेका फरशीवर एकेक विद्यार्थी मांडी घालून बसायचा, हातात प्राथमिक शाळेतून उसनी आणलेली पाटी. ती फरशी म्हणजे त्या मुलखाचा एक तुकडा. झुडूप किती वाढलं, त्यानं बर्फ किती अडवला, खालची माती किती ऊबदार राहिली, हे सरांनी दिलेल्या सूत्रानं मांडायचं आणि वाऱ्यानं उडालेला बर्फ चिठ्ठीवर लिहून शेजारच्या फरशीला द्यायचा. सगळ्यांचं झालं की सर ओरडायचे, "साल उलटलं!" की पुढचं वर्ष सुरू. "तुकडा आपला समजा," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "घरच्या रानासारखा सांभाळा." मध्येच आक्का किटलीतून चहा आणि डबाभर भडंग घेऊन यायची, आणि सगळा उत्तर ध्रुव ठसका लागेस्तोवर खायचा.

आमच्यातल्या कुणीच बर्फ पाहिलेला नव्हता. रसवंतीत बारदानात गुंडाळलेली लादी तेवढी ठाऊक. त्यामुळे बर्फ साचला की आम्ही मातीची ऊब धडाधड कमी करायचो. सरांनी कपाळावर हात मारला. "अरे, तो वरून पडतो तेव्हा गार. साचला की मातीची गोधडी. झुडूप ती गोधडी उडू देत नाही, म्हणून मुळं जगतात. शिवाय झुडपाच्या काळ्या फांद्या बर्फातून वर डोकावतात आणि ऊन पितात." आक्का कप गोळा करता करता म्हणाली, "मग गोधडी म्हनायचं की सरळ. बर्फ कशाला म्हंता?" त्या दिवसापासून आमच्या पाटीवर बर्फाचं नाव गोधडी झालं.

तरीही गणित बिघडत गेलं. मधल्या एका तुकड्यावर झुडूप टिकेना. गोधडी उडून जायची, माती गोठायची, उघड्यावरून वारा सुसाटत शेजारी घुसायचा आणि तिथलीही झुडपं खुरटायची. बघता बघता अर्धा हॉल उजाड झाला. सरांनी प्रत्येकाची बेरीज-वजाबाकी तपासली. चूक सापडली नाही. पुन्हा पहिल्यापासून मांडलं, पुन्हा तेच. सर वाळत चालले. वाटेतल्या झुडपांकडेही बघेनासे झाले.

एका रविवारी ते आल्या आल्या म्हणाले, "आज शेवटचं मांडू. नाहीच जमलं तर मी तिकडं कळवतो, माझं म्हणणं चुकीचं होतं. तसं कळवण्यात कमीपणा नाही." आवाज अगदी सरळ होता. आक्का दारात किटली घेऊन उभी होती. ती चौकटीला टेकली.

मग ती नेहमीसारखी भडंग वाटत फिरू लागली आणि मधल्या फरशीपाशी थांबली. तिथं औंधच्या बाजूचा महादू बसायचा. डोंगराखाली घर, उसाचं रान, स्वभावानं अतिशय आज्ञाधारक.

"आरं, तू सारखी पाटी का पुसतुयास?" आक्कानं विचारलं.

"सारखी न्हाई आक्का. साल उलटलं की तेवढी."

"आन् ती कशापायी?"

"डोंगर पेटवायला नको व्हय?" महादू म्हणाला. "शिमगा झाला की आमी पेटवतोच की. झुडपं जळली तर नवं गवात जोरात येतंय. सर म्हनले घरच्या रानावानी सांभाळा."

सगळा हॉल महादूच्या पाटीकडे वळला. महादूनं दरवर्षी मनोमन काडी लावून झुडपाचा आकडा बाहीनं पुसला होता आणि शून्यापासून बिनचूक बेरीज केली होती. त्याची बेरीज तपासणाऱ्याला चूक सापडणार कुठून? महादूनं सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि पाटी छातीशी धरली. "सर, तिकडं पेटवत न्हाईत काय?"

सर त्याच्या फरशीसमोर खाली बसले. आधी वाटलं रडतायत. पण ते हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "नाही रे महादू," ते म्हणाले. "तिकडं पेटवायला माणूसच नाही."

काडी न लावता आम्ही सगळं नव्यानं मांडलं. झुडपांनी गोधडी धरून ठेवली, माती ऊबदार राहिली, झुडपं वाढली आणि वाढलेल्या झुडपांनी वरची हवाही हलकीशी तापवली. सरांना जे म्हणायचं होतं तेच पाट्यांवर उमटलं. शेवटचं साल उलटलं तेव्हा आम्ही इतका दंगा केला की शिपाई धावत आला. मला तर हायसं वाटून भूकच लागली.

सगळे आकडे विमानटपालानं गेले. मग आमच्या परीक्षा आल्या, झाल्या आणि आम्ही पांगायची वेळ आली. मी बी.एड.ला निघाले होते, महादू फौजेत. आम्ही दोघं निरोप घ्यायला सरांच्या घरी गेलो आणि आक्कानं पोहे परतायला घेतले तोच तारवाला आला.

त्या काळी तार म्हणजे वाईट बातमी. आक्काच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. सरांनी तार फोडली, वाचली आणि एवढंच म्हणाले, "पटलं त्यांना."

महादू सरांच्या पाया पडायला वाकला आणि वाकलेलाच राहिला, कारण सर त्याच्या डोक्यावर हात ठेवून विसरून गेले होते. आक्कानं शेगडीवरची कढई उतरवली. पदरानं हात पुसले. मग तिनं कोपऱ्यातली वळकटी ओढली, भर दुपारी अंथरूण घातलं आणि त्यावर बसली. तेव्हा मी पहिल्यांदा तिचा श्वास ऐकला. धाप लागलेली होती, आजची नाही, बऱ्याच दिवसांची. किटली घेऊन ती दर रविवारी एवढं चालत यायची ती कशी, कोण जाणे.

"झालं न्हवं आता तुझं?" ती सरांना म्हणाली. "मग मी जरा आजारी पडते."

सर तिच्याजवळ गेले. तिच्या उशाशी जमिनीवर टेकले आणि तिच्या पायांवर गोधडी ओढली. छापील मराठी बोलणाऱ्या त्या माणसाच्या तोंडून मी तोवर गावाकडचा एकही शब्द ऐकला नव्हता.

"पड आई," सर म्हणाले. "मी हाय हितं."