लेकीचं बाळंतपण आणि पिंपळावरची वटवाघळं

नंदनवन वस्तीतल्या आमच्या आवारात पिंपळ आहे आणि त्यावर वटवाघळं लटकलेली असतात. पिंपळ आमचा, पण फांद्या शेजारणीच्या गच्चीवर. म्हणजे सावली दोघींची आणि घाण मात्र तिची एकटीची, हे मला मान्य आहे.

त्या उन्हाळ्यात तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. तिनं फोनवर स्पष्टच सांगितलं, डोक्यावर वटवाघळं असतील तर मी सासरीच बरी. शेजारीण माझ्याकडे येऊन रडली. "पिंपळ तोड म्हणत नाही वं मी तुले, पण माझी पोरगी येऊन नाही राहिली." आम्ही बौद्ध. पिंपळाला कुऱ्हाड लावायची भाषा आमच्या घरात कोणी करत नाही, हे तिला ठाऊक होतं. मला फार वाईट वाटलं.

मग तिच्या नवऱ्यानं डोकं चालवलं. दिवाळीचे उरलेले सुतळी बॉम्ब भर दुपारी गच्चीत फोडले. तिथंच बायकोनं कणकेचे सरगुंडे वाळत घातलेत, हे महाराजांच्या ध्यानातच नाही. घाबरलेली वटवाघळं घिरट्या घालत राहिली आणि वरून घाण पडून त्या वाळवणाची पार वाट लागली. थोड्या वेळानं सगळी पुन्हा आपापल्या फांदीवर. "काहून गा, संपली का हुशारी?" मी कुंपणावरून विचारलं. तो सरगुंडे गोळा करत राहिला.

शेवटी वनखात्यात विचारलं. पिल्लांचे दिवस आहेत, छेडू नका म्हणाले. मग आम्ही दोघींनी गच्चीवर हिरवी जाळी ताणली, टाकी झाकली, खाली पडलेली उष्टी फळं हातानं उचलायची नाहीत असं ठरवलं. राहिली बाळाची दुपटी. ती पुढच्या अंगणात वाळवायची आणि दिवेलागणीच्या आत घरात घ्यायची. तशीही आपल्याकडे बाळाचे कपडे त्यानंतर बाहेर ठेवत नाहीत, आणि ही मंडळी उडतात तेव्हाच. हे सगळं ऐकून लेक आली.

मुलगी झाली. संध्याकाळ झाली की रडून घर डोक्यावर घ्यायची. जरा मोठी झाल्यावर एकदा आई तिला बंद खिडकीशी घेऊन उभी राहिली. बाहेर वटवाघळं निघाली होती. पोरगी टकामका बघत गप्प झाली. मग रोजचंच झालं ते.

सासरी परत निघताना गाडीत सामान भरलं, तरी लेक माझ्यापाशी घुटमळत होती.

"मावशी, तिकडे संध्याकाळी इले काय दाखवू वं?"