खाजणावर वारा कोण अडवतं?

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचं वाचताना "बाईला भुतांच्या गोष्टींचा नाद दिसतोय" असं कुणी म्हणायला नको. मी केमिस्ट आहे. बोईसरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या क्यूसी लॅबमध्ये माझा दिवस जातो, आणि रीडिंग विचित्र आलं तर "काहीतरी अमानवीय असेल" असं लिहून सही करायची सोय तिथे नाही. पुन्हा सॅम्पल घ्यायचं, पुन्हा टेस्ट लावायची. जेवणाच्या सुट्टीत कुणी भुताखेतांचं काढलं की त्याची टर उडवण्यात मी सगळ्यांत पुढे. त्यातले काही जण हे सदर वाचतात... तर मंडळी, हसून घ्या, तुमचा हक्कच आहे.

आम्ही मूळचे कराडकडचे. नवरा, अजित, तारापूरला अणुऊर्जा प्रकल्पात नोकरीला. घर पालघर पश्चिमेला, आणि सासूबाई आमच्याकडेच असतात. त्यांना मी आई म्हणते. काही वर्षांपूर्वी माझी शुगर बॉर्डरवर आली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालण्याचं धावणं झालं, मग सायकल आली, मग ग्रुप, मग ट्रेनिंगचं वेळापत्रक. आता शुगर वगैरे निमित्त उरलंय. खरं कारण हे, की पहाटेच्या त्या दीड तासात मला कुणी हाक मारत नाही. बाकी दिवस लॅबचा, घराचा, शिफ्टच्या बसचा. तेवढा वेळ माझा, आणि तो मला फार प्रिय आहे.

घरी मात्र एकच पालुपद — "एकटी जाऊ नकोस." पूर्वी माझ्यासोबत ग्रुपमधली एक मैत्रीण असायची. या दिवाळीनंतर तिच्या नवऱ्याची बदली झाली आणि मी एकटी पडले. ग्रुपमधले बाकीचे रविवारीच येतात, आणि तेही असे सुसाट जातात की त्यांच्या पाठीवरचा घाम सोडून मला काही दिसत नाही. अजितने गॅलरीत घरात चालवायची सायकल आणून ठेवली. सध्या तिच्यावर टॉवेल व्यायाम करतात. शेवटी ठरलं, संक्रांतीपर्यंत सोबत शोधायची, नाहीतर बाहेरचं बंद. आईंचाही त्याला दुजोरा. "बाईमाणसानं अंधारातनं एकटीनं फिरायचं कशापायी?" मी वाद घातला, रडले, आणि शेवटी मुदत कबूल केली.

आता जागा नीट समजून घ्या. पालघरहून पश्चिमेला शिरगाव, पुढे सातपाटी. थंडीत पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, त्यामुळे जाताना तो पाठीवर, आपण राजे. येताना तोच वारा छातीवर. परतताना शिरगाव मागे पडलं की पालघरच्या आधी एका टप्प्यात घरं आणि झाडं संपतात, दोन्ही बाजूंना उघडं खाजण लागतं. खारट चिखल, लव्हाळं, बगळे. आडोसा म्हणाल तर विजेचे खांब. तिथे वारा असा येतो की सायकल जागेवर उभी आहे असं वाटतं.

डिसेंबरमधली गोष्ट. उजाडलं होतं, समोर सूर्य यायच्या बेतात होता. मी हँडलवर वाकून कशीबशी रेटत होते आणि वारा एकदम थांबला. म्हणजे कमी झाला असं नाही, थांबला. दोन-तीन पॅडल मारेपर्यंत काही नाही, मग पुन्हा तोंडावर झोत. पुन्हा थांबला. पुन्हा झोत. खांबांच्या रांगेशेजारून चालताना ऊन लागतं-जातं, तसं काहीसं. मग सगळं पूर्ववत.

ग्रुपमध्ये सायकल चालवणाऱ्यांना हा अनुभव लगेच ओळखू येईल. पुढच्याच्या मागच्या चाकाला चिकटून गेलं की वारा तो खातो आणि आपण फुकटात जातो. पुढचा दमला की बाजूला होतो, रांगेच्या शेवटी जातो आणि दुसऱ्याचा नंबर लागतो. जो कधीच पुढे येत नाही त्याला चहाच्या टपरीवर फार ऐकून घ्यावं लागतं. मला तेव्हा नेमकं असंच वाटलं, की मी एका रांगेला ओव्हरटेक करून गेले. एकामागून एक, एकेकाच्या आडोशातून. पण रस्त्यावर तर माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

भीती वाटली का? खरं सांगते, नाही. मला राग आला. रीडिंग विचित्र आलं की येतो तसा.

दुसऱ्या दिवशी हँडलला लाल लोकरीचा धागा बांधून गेले. खाजणावर तो मागे ताठ उडत होता आणि मधेच मेल्यासारखा खाली लोंबला. रस्त्याकडेचं लव्हाळं तेव्हाही पश्चिमेकडे आडवं झालेलं होतं, म्हणजे वारा चालूच होता. सायकल थांबवून त्याच जागी उभी राहिले, तर धागा पुन्हा उडायला लागला. बांध आडवा येत असेल, उंचवटा असेल, खारफुटी असेल, सगळं बघितलं. तसं काही असतं तर रोज त्याच खांबाजवळ घडलं असतं ना? ते तसं नव्हतं. आज या खांबाजवळ, उद्या त्या. आणि काही दिवशी अजिबात नाही.

उलगडा झाला तो धावण्याच्या दिवशी. सायकलवरून उतरून लगेच धावायचं, याला ट्रेनिंगमध्ये ब्रिक म्हणतात. पाय लाकडाचे होतात. मी सायकल शिरगावला ओळखीच्या टपरीशी लावून पालघरच्या दिशेने धावत निघाले. आमचे कोच नेहमी सांगतात, गप्पा मारता येतील इतकं हळू धावा. माझं हळू म्हणजे... झपाझप चालणाऱ्याने सहज मागे टाकावं असं. खाजणावर आले, वारा थांबला, आणि थांबलेलाच राहिला.

म्हणजे तो आडोसा चालत होता! माझ्याच वेगाने. सायकलवर मी त्याला मागे टाकत होते, इतकंच. मी वेग वाढवला तर वारा लागला, कमी केला तरी लागला. त्या एका लयीत राहिलं तर मनगटाला बांधलेला धागा सरळ खाली. पायांचा आवाज नाही, सावली नाही, वास नाही. नुसती समोर कुणाची तरी पाठ असावी तशी ऊब. मी चक्क खूश झाले. पुढचे कितीतरी दिवस मी फक्त त्यासाठी जात होते.

भीती वाटली ती वेगळ्याच दिवशी. अशीच आरामात धावत होते आणि एकदम वारा. वेग तोच होता, लय तीच होती. वारा इतका समोरून की डोळ्यांत पाणी आलं. मी हळू झाले, वेग घेतला, आडोसा कुठेच सापडेना. आणि मला कुणीही न सांगता कळलं — पुढचं जे कोण होतं ते बाजूला झालंय. आता माझा नंबर.

मागे वळून बघायचं धाडस होईना, आणि थांबायची लाज वाटायला लागली. कुणाची लाज, ते विचारू नका. मान खाली घातली आणि वारा घेत राहिले. छाती भरून आली, आता नाहीच जमत असं झालं तेव्हा आपसूक रस्त्याच्या कडेला सरकले. दोन-चार पावलं... आणि वारा पुन्हा थांबला. मला आत घेतलं होतं.

घरी कुणाला बोलले नाही. बोलले असते तर संक्रांतीची वाटसुद्धा बघितली नसती कुणी.

पण माझ्या जिभेला हाड कुठे आहे? आमच्या इमारतीत सातपाटीची भारतीमावशी मासळी घेऊन येते. दारात बसून ती बोंबील साफ करत होती, मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मावशी, खाजणावर सकाळी फार वारा असतो ना?"

"आता काय वारा! आता आमी टेम्पोत बसून येतो," मावशी म्हणाली. "माझी आयस चालत यायची पालघरला. डोक्यावर भरलेली पाटी, नि वारा पाटीलाच धरतो ना गो. मान मोडून टाकतो. म्हणून बायका रांगेनं चालायच्या. पुढची वारा खायची. ती दमली का बाजूला, मग दुसरी पुढं."

मासळीसाठी आणलेलं ताट मी खाली ठेवलं.

"मावशी... आता तिथे कोण चालतं?"

"आता कोन चालनार? सगल्या गेल्या," ती हसली. "का गो? तुला कोन दिसली का काय? भूत-बीत काय नाय तिथं. पापलेट देऊ?"

मागे आई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि माझा चेहराही बघितला होता. मावशी जिना उतरल्यावर म्हणाल्या, "खरं सांग. काय हाय त्या रस्त्याला?"

खोटं बोलता आलं असतं. नाही बोलले. धाग्यापासून नंबरापर्यंत सगळं सांगितलं. सांगताना एकीकडे वाटत होतं, संपलं, आता टॉवेल उचला आणि गॅलरीतच पॅडल मारा. आई म्हणाल्या, "मला घिऊन चल."

संक्रांत दोन दिवसांवर आली होती. सकाळी त्यांना स्कूटरवर मागे बसवलं. डोक्याला स्कार्फ, त्यावर पदर, अंगात अजितचा स्वेटर. अजितला वाटलं देवळात चाललोय. शिरगावशी स्कूटर लावली आणि आम्ही पालघरकडे तोंड करून चालायला लागलो. आईंचं गुडघ्यांचं दुखणं आहे, पण माळावर सरपण आणण्यात उमेदीची वर्षं गेलेली बाई — चालायला लागल्या की मला धावावं लागतं. खाजणावर वारा सुरू झाला. अंदाज घ्यायला मी धावत पुढे गेले, त्या माझ्या बऱ्याच मागे. आज काही होऊ नये असं मला वाटत होतं, आणि व्हावं असंही वाटत होतं.

माझा धागा ताठ उडत होता. मागून आई म्हणाल्या, "कुटं हाय तुझा वारा?"

वळून बघितलं. त्यांचा पदर जागच्या जागी होता. शेजारचं लव्हाळं आडवं. माझ्या आडोशाला याव्यात इतक्या त्या जवळ नव्हत्या. मी बाजूला उभी राहिले, त्या माझ्यासमोरून पुढे गेल्या, शांत, बाजारात निघाल्यासारख्या. मी त्यांच्या मागे झाले.

थोडं अंतर गेलो असू. आईंचा पदर एकदम फडफडून मागे आला. स्कार्फची गाठ सुटली. त्या डळमळल्या, एक हात डोळ्यांवर धरला. मी धावले, त्यांच्यापुढे जाऊन वारा अडवायला. त्यांनी हात आडवा करून मला मागेच थोपवलं.

"थांब," त्या म्हणाल्या. "माझा नंबर दिसतोय."

आणि पदर कमरेला खोचून, मान खाली घालून चालत राहिल्या. मी मागून चालत होते आणि रडत होते. माझ्या तोंडावर वारा नव्हता. तो आईंचा आडोसा होता की आणखी कुणाचा, ते मला सांगता येणार नाही.

दमल्यावर त्या कडेला झाल्या. काही क्षणांनी सुटलेल्या स्कार्फची फडफड थांबली, आणि त्यांनी मोकळ्या रस्त्याकडे बघून हात जोडले. मी केमिस्ट, मी नाही जोडले. म्हणजे... जोडले, पण नंतर.

वाऱ्याचे भोवरे, तापमानाचे थर, दोघींचा भास — सगळी स्पष्टीकरणं मी स्वतःच लावून बघितली आहेत आणि स्वतःच खोडली आहेत. ग्रुपमधल्या कुणाला काही जाणवत नाही. ते ज्या वेगाने जातात त्यात जाणवायचंही नाही. कुणाकडे पटेल असं कारण असेल तर जरूर लिहा, मी टेस्ट लावून बघेन. आज तरी माझ्याकडे काही नाही.

हो, अजितचं राहिलंच. संक्रांतीच्या दिवशी तिळगूळ हातात घेऊनच त्याने विषय काढला, सोबत काही मिळालेली दिसत नाही, तर आता ठरल्याप्रमाणे... मी आईंकडे बघितलंसुद्धा नाही. त्या देवापुढची वात सारखी करत होत्या. तिकडूनच म्हणाल्या,

"जाऊ दे तिला. एकटी कुटं असती ती?"