सभासद नसलेले चाचा

आमच्या इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या संस्थेने यंदा जुन्या स्वयंसेवकांचा सत्कार करायचं ठरवलं आणि मानपत्रं लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी भिवंडी शाखेची सचिव. बरं अक्षर आणि चिडका स्वभाव, या दोन गुणांवर हे पद मला मिळालं असं घरचे म्हणतात.

सत्कारमूर्ती तीन होते. दोन निवृत्त प्राध्यापक आणि तिसरे निजामपुऱ्यातले चाचा. लूमची, म्हणजे यंत्रमागांची, कंट्रोल कार्डं दुरुस्त करायचं त्यांचं दुकान आहे. आमचं दरमहा व्याख्यान असतं. हॉल उघडणं, माइक लावणं, मानकोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या वक्त्याला फोनवरून आतल्या रस्त्याने आणणं, सगळं चाचा करत. हजेरीचा कागदही तेच फिरवत. प्राध्यापकांची मानपत्रं तासाभरात झाली. चाचांचा सभासद क्रमांक मात्र सापडेना. सगळ्या फायली उपसल्यावर डोक्यात प्रकाश पडला, चाचा सभासदच नव्हते. पंचवीस वर्षं त्यांनी जो कागद फिरवला, त्यावर त्यांची स्वतःची सही एकदाही नव्हती. त्यातली अकरा वर्षं ते कागद मीच फायलीला लावले होते. मला माझीच लाज वाटली.

अध्यक्षांना फोन केला. सर माणूस भला, पण नियमावली तोंडपाठ.

"सत्कार सभासदांचाच होतो," ते म्हणाले. "चाचांना आभारात घेऊ."

"आभारात? लोक खुर्च्या सरकवायला लागतात तेव्हा?"

भावनेवर संस्था चालत नाही, असं ते म्हणाले. मग हे तुमच्या तोंडाने त्यांना जाऊन सांगा, मी म्हणाले. माझ्या तोंडी लागण्यापेक्षा निजामपुऱ्यात येणं सरांनी पत्करलं.

शुक्रवार होता, लूम बंद होते, त्यामुळे गल्लीत चक्क माणसांचं बोलणं ऐकू येत होतं. दुकानासमोर दहा-बारा मेकॅनिक बाकावर, पायरीवर बसले होते. आमच्याकडे पाठ करून चाचा हातातली जाड वही बघत काहीतरी समजावत होते. मी शेजारच्या चहावाल्याला विचारलं, काय चाललंय?

"तुमचंच लेक्चर," तो म्हणाला. "चाचा तिकडं लिहून घेतात न् शुक्रवारी हितं सांगतात. तुमाला न्हाय म्हाईत?"

मला न्हाय म्हाईत. आमच्या व्याख्यानाला पंधरा डोकी जमली की आम्ही खूश व्हायचो, आणि इथे चाचांनी कितीजणांना शिकवून तयार केलं होतं. त्या दिवशी मंडळी नवीन होती, म्हणून वहीतलं जुनं पान काढलेलं होतं.

"धागा तुटला की लूम थांबवतो, त्या सेन्सरच्या वायरीवर जाळी असते, तिला अर्थिंग द्यायची," चाचा सांगत होते.

"हे माझं व्याख्यान," सर माझ्या कानाशी म्हणाले. चेहरा खुलला होता.

"सायब बोलले, दोन्ही टोकांना द्या. आपल्या लूमवर तसं न्हाय करायचं. येकाच टोकाला द्यायची. न्हायतर धागा न तुटता लूम बंद पडंल. मी सोळा लूमवर करून बघितलंय."

"मतलब साहब गलत बोले?" एकाने विचारलं.

"गलत न्हाय. सायब त्यांच्या मशीनचं बोलत व्हते. आपली मशीन त्यांना कुनी दाखवलीच न्हाय, त्यात त्यांची काय चूक?"

सर पुढे गेले आणि मेकॅनिकांच्या मागे पायरीवर बसले. चाचांनी वळून पाहिलं, गडबडले, खुर्ची आणायला निघाले. "बसा चाचा," सर म्हणाले, "पुढचं सांगा." सांगायला आलेली गोष्ट सरांनी सांगितलीच नाही. परतताना गाडीत एवढंच म्हणाले, की समितीला मानद सभासद करता येतो, तसं कलम आहे.

सत्काराच्या दिवशी दोन्ही प्राध्यापकांनंतर सरांनी चाचांना शाल घातली, सभासदाचं कार्ड हातात दिलं आणि माइकवर स्वच्छ सांगितलं, "माझं एक व्याख्यान इथल्या लूमसाठी चुकीचं होतं. चाचांनी ते दुरुस्त केलं, आणि माझी अब्रू राखून केलं." मी चाचांना दोन शब्द बोलायची विनंती केली. ते बराच वेळ ते कार्ड उलटसुलट करून बघत राहिले.

"भाषन मला जमत न्हाय," ते म्हणाले. "पन मॅडम, आता मी सभासद झालो. आता प्रश्न विचारला तर चालंल ना?"

व्याख्यान संपलं की "आता सभासदांनी प्रश्न विचारावेत" असं अकरा वर्षं दर महिन्याला माइकवरून मीच म्हणत आले होते. पंचवीस वर्षांत चाचांनी एकही प्रश्न विचारला नव्हता. मी मान हलवली.

चाचांनी खिशातून चष्मा काढला आणि बगलेतल्या त्या जाड वहीचं पहिलं पान उघडलं.