सासू, जावई आणि मधला कुत्रा

माझी हेस्टरमावशी तोंडाची फटकळ होती, हे आधीच सांगते. मेलेल्यांबद्दल गोड बोलायची रीत आहे, पण मावशीबद्दल गोड बोलले तर तीच वर बसून हसेल. मूस या थोरल्या हरणाचं कातडं तिच्याइतकं मऊ कोणी कमावत नसे, आणि माणसाची कातडी तिच्याइतकी कोणी सोलत नसे. माझ्या पहिल्या कातड्याला खरवडताना भोक पडलं, तेव्हा ते डोळ्याला लावून ती म्हणाली, "बरं झालं पोरी, यातून तुझा नवरा पळताना दिसेल." तो पुढे पळालाच.

एका माणसाला मात्र तिनं जन्मात शिवी दिली नाही. तो म्हणजे तिचा जावई सायलस. दिली नाही म्हणजे देता येत नव्हती. आम्ही नेहियाव, कॅनडाच्या उत्तरेतले मूळ लोक, बाहेरचे आम्हाला क्री म्हणतात. आमच्यात सासू-जावई एकमेकांशी बोलत नाहीत, तोंडाकडे बघत नाहीत, नाव घेत नाहीत. हा रुसवा नव्हे, हा मान. सायलस दारातून आत आला की मावशी डोक्यावरचा रुमाल पुढे ओढून भिंतीकडे वळे. दोघांच्या मध्ये डॉरकस होती, तिची लेक आणि त्याची बायको.

"तुझ्या आईला विचार, मासे धुरावर टाकायचे का?"

"तुझ्या नवऱ्याला सांग, त्यानं विचारायच्या आत टाकून झाले."

तिघंही एकाच चुलीभोवती बसून हे बोलत. संसार छान चालला होता.

मग डॉरकस छातीच्या दुखण्यानं गेली. तिची दोन मुलं लहानपणीच सरकारी वसतिशाळेत नेली होती. तिथे आपली बोली तोंडातून निघाली की पट्टा बसे. सुट्टीत परत आली ती निव्वळ इंग्रजी घेऊन. आजी कुशीत घेऊन बोलायला लागली की ओशाळं हसायची, कळायचं काही नाही. मोठी झाल्यावर शहरातच राहिली. मावशीची नजरही तोवर जवळजवळ गेली होती. म्हणजे घरात उरली दोन माणसं, दोघांची भाषा एक, आणि दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही. देवाला थट्टा करायला आमचंच घर सापडलं.

"माझ्याकडे चल," मी तिला म्हटलं.

"ही माझ्या लेकीची चूल आहे. तुझ्या घरात तुझंच कोणी टिकत नाही, मी कशी टिकू?"

झालं. मी उठून घरी आले.

तोडगा निघाला मस्कवाचा. मस्कवा म्हणजे सायलसचा म्हातारा कुत्रा. लेकी बोले सुने लागे, तसं ही दोघं कुत्र्याला बोलू लागली. "मस्कवा, चहा झालाय, कोणाला हवा असेल तर." "मस्कवा, चहा आहे की तळ्याचं पाणी, विचार बरं." गावातले पुरुष सायलसला छळत. "काय रे, आज सासू काय म्हणाली?" "मला नाही माहीत. कुत्र्याला विचारा," तो म्हणे, आणि सगळ्यांत आधी स्वतःच हसे. मी त्याला बुळ्या म्हणायचे. पण त्यानं तिला एक दिवस उपाशी ठेवलं नाही, लाकडं कमी पडू दिली नाहीत. माझ्या सख्ख्या मुलानं माझ्यासाठी एवढं केलं नाही.

पानं पिवळी पडली की आमचं सगळं गाव मूसच्या शिकारीला नदीवर जातं. त्या वर्षी मीही गेले. मावशीसाठी सायलस गावातच राहिला होता. आम्ही गेल्यावर मावशी पडली, कंबर दुखावली. सायलसनं दवाखान्यातल्या नर्सला बोलावलं. नर्स गावात नवी होती, आणि तिचा दुभाषा आमच्याबरोबर शिकारीला. पुढचं सायलसनंच मला सांगितलं.

नर्सनं तपासलं, मग सायलसकडे बोट दाखवून ती त्यालाच इंग्रजीत म्हणाली, "हिला विचार, हा माणूस कोण आहे?"

सायलस कुत्र्याकडे वळला. "मस्कवा, मी कोण, ते विचारतायत."

मावशी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मस्कवा, तुला रोज हाडं कोण घालतं, ते तुला ठाऊक आहे. सांग की त्या बाईला."

"काय म्हणाली ती?"

सायलस सरळ माणूस. वेळेला खोटं बोलावं एवढीही अक्कल त्याला देवानं दिली नव्हती. "ती म्हणते, कुत्रा सांगेल."

नर्स हसली असती तर बरं झालं असतं. ती हसली नाही.

"ही आमची रीत आहे," सायलस म्हणाला. लहान मुलाला हो म्हणावं तसं तिनं मान डोलावली. म्हातारीचा मेंदू गेलाय आणि सांभाळणारा हा असा, असं तिनं ठरवून टाकलं. विमान बोलावलं. दक्षिणेतल्या ज्या इस्पितळात मावशीला न्यायचं होतं, तिथे आमच्या बोलीचा एक शब्द कोणाला येत नव्हता. आमची जी जी म्हातारी माणसं तिकडे नेली, ती पेटीतून परत आली. हे सायलसला माहीत होतं, मावशीलाही माहीत होतं. "मस्कवा," ती म्हणाली, "मला इथेच मरायचंय. कोणीतरी बघा काहीतरी." एवढी विनवणी तिनं आयुष्यात कोणाला केली नव्हती, आणि ती करावी लागली कुत्र्याला.

विमान पाण्यावर उतरलं तेव्हा आमची होडी मांसाचे गठ्ठे घेऊन येतच होती. धक्क्यावर मावशीला खुर्चीत बसवून आणलं होतं. सायलसनं मला ओळखलं. "एलिझाताई! लवकर ये! माझं बोलणं तिला सांग!" तो ओरडत होता. आम्ही जिवाच्या आकांतानं वल्ही मारली. आणखी थोडं थांबला असता तर मी मध्ये उभी राहिले असते. पण वैमानिकानं खुर्चीला हात घातला, आणि सायलसचा धीर सुटला.

तो मावशीसमोर गुडघ्यावर बसला आणि तिच्या तोंडाकडे बघून बोलला. "सासूबाई, जाऊ नका. ह्यांना वाटतंय तुम्हाला वेड लागलंय. एकदा माझ्याशी बोला. ह्यांच्यादेखत एकदाच बोला, म्हणजे ह्या बाईची खात्री पटेल."

पाण्यावरून एकेक शब्द ऐकू आला. धक्क्यावर उरलीसुरली म्हातारी माणसं होती, त्यांनी माना फिरवल्या. मावशीनं रुमाल पार हनुवटीपर्यंत ओढला. नर्स सायलसला म्हणाली, "बघ, तुलासुद्धा ओळखत नाही."

मी चिखलातून धावत पोचले. रुमालाखालून मावशी म्हणाली, "एलिझा आलीस? या माणसाला सांग, चारचौघांत त्यानं मला नागवं केलं. आता त्याच्या चुलीजवळ मी कुठल्या तोंडानं बसू? मला विमानात चढवायला सांग."

"मावशी, अगं, तो तुला वाचवायला..."

"सांग म्हणते ना!"

सांगायचं काय? तो हातभरावर गुडघ्यावरच होता. त्याला खुर्ची उचलायलासुद्धा बोलवलं नाही. मला त्या नर्सचा राग आला, रीत काढणाऱ्यांचा आला, आणि सगळ्यांत जास्त मावशीचा आला. अजून जात नाही.

मावशीची पेटी बर्फ पडल्यावर आली. उतरवायला माणसं कमी होती, मी सायलसला हाक मारली. तो लांब झाडांशी पाठ करून उभा होता, तिथून हलला नाही.

"तू उतरव, ताई," तो म्हणाला. "मी जवळ आलेलं तिला चालणार नाही."