मागचं नांदेडसाठी, पुढचं भूकंपासाठी

कुणाच्या दारात नवी गाडी आली की गल्लीतली बाकी माणसं तिचा रंग बघायची, काच वर-खाली करून बघायची. मामा पेढा तोंडात टाकायचे, पायजमा सावरून रस्त्यावर आडवे व्हायचे आणि गाडीच्या पोटाखाली हात घालून जमिनीपासूनची वीत मोजायचे. मग कोपर झटकत उठायचे आणि मालकाला निकाल सांगायचे, "एक वीत अन् दोन बोटं. अडकतंय."

माझ्या स्कूटरचीही त्यांनी अशीच तपासणी केली होती. ती कुठं अडकेल अशी मला भीती नव्हती, कारण ती बहुतेक वेळा सुरूच होत नसे.

अख्खी गल्ली त्यांना मामा म्हणायची, कारण त्यांच्या घरातली भाची त्यांना मामा म्हणायची. लातुरात त्यांचं पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं. कपाळावर विभूती, खिशात पान्हा, दारात जुनी फोर-व्हील जीप, दांडी टाकली की मागच्यांबरोबर पुढची चाकंही ओढणारी. भूकंप झाला त्या सकाळी याच जीपमधून ते निलंग्याच्या बाजूला, बहिणीच्या गावाला धावले होते. वेशीत पडलेल्या घरांच्या दगडांवर जीपचं पोट टेकलं आणि चाकं नुसती जागच्या जागी फिरत राहिली. मामा जीप तिथंच सोडून चालत गेले. परत आले तेव्हा बहिणीची लहान पोर कडेवर होती. यापुढचं त्यांनी मला कधी सांगितलं नाही. "पोट टेकलं, सर," एवढं म्हणायचे आणि चहा सांगायचे.

पुढं घरं बांधून झाली, सरकारी पाहुणे येऊन गेले, पण मामांची जीप उंच होतच राहिली. चाकांवरचे कमानपाटे वाढले. हैदराबादहून भलेथोरले टायर आले. मामींना आत चढायला स्टूल लागायचं आणि ते आमच्या घरून जायचं.

"ह्यांनी गाडी न्हाई केली, माळा केलाय," मामी म्हणायच्या. "वर लोणच्याची बरणी तेवढी ठिवायची राहिलीय."

मोठ्या टायरांनी जीप उंच झाली, पण मरगळली. चाक मोठं, इंजिन तेच. साध्या चढाला तिला धाप लागायची. यावर इलाज म्हणजे एक्सलच्या पोटातली दातेरी जोडी बदलणं. मोठं चक्र क्राऊन, त्याला फिरवणारं छोटं पिनियन. क्राऊनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागायचं. उत्तर मोठं आलं तर ओढ जास्त आणि पळणं कमी. लहान आलं तर उलटं. हे भागाकार करायला मामा माझ्याकडं यायचे. गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिजिक्सच्या क्लासांच्या पाट्या होत्या आणि मी कॉलेजात मराठी शिकवत होतो.

"त्यांना वेळ न्हाई," मामा म्हणायचे. "तुमच्याकडं लई वेळ हाय."

हे खरं होतं. गावातली पोरं डॉक्टर व्हायच्या रांगेत लागली होती आणि माझ्या वर्गात पंखा एकटाच फिरत असे.

बरेच भागाकार झाल्यावर मामांनी त्रेचाळीसला आठ ही जोडी ठरवली, पुढं आणि मागं दोन्हीकडं. आता जीप भिंतसुद्धा चढली असती. पण सपाट रस्त्यावर इंजिन घसा फाडून ओरडायचं आणि आम्हाला उसाचे ट्रॅक्टर मागं टाकून जायचे. मामा प्रत्येक ट्रॅक्टरला हात करायचे. "जाऊ द्या, सर. आपल्याला पळायचं न्हाई, निघायचं हाय."

अडचण ही की सगळं लातूर तेव्हा पळत होतं. भाचीही पळत होती. मामा तिला अक्का म्हणायचे, ती एवढीशी होती तेव्हापासून. अक्का पहाटे क्लासला जायची, तिथून कॉलेज, तिथून दुसरा क्लास, आणि प्रत्येक ठिकाणी मामा तिला त्या माळ्यावरून न्यायचे-आणायचे. एसटीत, रिक्षात, मैत्रिणीच्या स्कूटीवर तिला बसू द्यायचे नाहीत. ती रागवायची नाही. क्लासपासून थोडं अलीकडंच उतरायची, इतकंच.

मग मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी तिचं सेंटर नांदेडला आलं. मामी म्हणाल्या, "आदल्या दिवशी एसटीनं जाऊ दे, तिथं माझी बहीण हाय." मामा म्हणाले, "आपली गाडी असताना?" पण त्या जीपच्या चालीनं नांदेड म्हणजे तीर्थयात्रा होती. गेट बंद झालं की वर्ष गेलं, हे मामांनाही कळत होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पळायचं होतं.

मिस्त्री म्हणाला, "पंचेचाळीसला अकरा टाकू. पण मामा, दोन्हीकडं टाकावं लागंल."

मामांनी दोन दिवस घेतले आणि मग फक्त मागची जोडी बदलून आणली. मला म्हणाले, "मागचं नांदेडसाठी, पुढचं भूकंपासाठी."

मिस्त्रीनं हात जोडले होते. "मग फोर-व्हीलच्या दांडीला हात लावू नका. पुढची चाकं एक म्हणतील, मागची दुसरं. आपसात भांडून काहीतरी मोडतील." मामांना हे ठाऊक होतं. मला मात्र ते वाक्य फार आवडलं. मराठीच्या माणसाला वाक्य पटलं की यंत्रही पटतं.

परीक्षेच्या दिवशी शिकलेला माणूस सोबत असावा म्हणून मला घेतलं. जीप खरोखर पळाली. अहमदपूर मागं पडलं तेव्हा मामा शीळ घालत होते. अक्का मागं वही न उघडता बसली होती.

लोह्याच्या अलीकडं पुलाचं काम चाललं होतं. डायव्हर्जन ओढ्यातून काढलेलं, त्यात रात्री अवकाळी पडलेला. चिखल होता, पण फार नव्हता. आमच्या डोळ्यांदेखत एक बस गेली, एक ट्रॅक्टर गेला, मग दुधाच्या दोन किटल्या लावलेली एक लुना गेली.

मामांनी जीप थांबवली.

"मामा, लुना गेली," अक्का म्हणाली.

"लुना हलकी असती."

"सरळ चला ना मग."

मामा चिखलाकडं बघत होते. याच चिखलासाठी ती जीप इतकी वर्षं उंच होत आली होती. मी काही म्हणायच्या आत त्यांचा हात फोर-व्हीलच्या दांडीवर गेला.

ओढ्याच्या मधोमध जीपनं दोन उड्या मारल्या, खालून काहीतरी कडकन मोडलं आणि ती उभी राहिली. पोट कुठंही टेकलं नव्हतं.

मामांनी चावी फिरवली, दांडी मागं-पुढं केली. "थांब अक्का, निघतंय."

अक्कानं घड्याळ बघितलं. "मामा, बस आली."

ती चपला हातात घेऊन चिखलात उतरली. मागून येणारी नांदेडची बस तिनंच हात करून थांबवली. मामा स्टिअरिंग धरून बसले होते. बस आमच्या बाजूनं निघून गेली. तिचा डबा जीपमध्येच राहिला.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण निघाली की मला तो दिवस दिसतो. एका ट्रॅक्टरनं आम्हाला ओढून नांदेडच्या बाजूला काढलं. दिवसभर आम्ही बाभळीखाली बसून होतो. डबा मामांच्या मांडीवर. मला त्यांनी दोनदा विचारलं, "सर, त्या बसला टायर कसले होते?" मी दोनदा सांगितलं, चांगले होते. मी टायर बघितले नव्हते.

संध्याकाळी लातूरची बस आली आणि थांबली. खिडकीतून अक्का म्हणाली, "चला मामा, जागा हाय."

"पोचलीस वेळंवर?"

"गेट उघडायच्या आधी."

मामांनी मान हलवली आणि जीपकडं बोट केलं. "अन् ही?"

कंडक्टर दारात उभा होता. "काका, तिला तिकीट न्हाई. तुम्ही येता का न्हाई?"

मामा चढले. अक्कानं त्यांना खिडकी दिली, डबा घेतला आणि तिथंच उघडून जेवायला लागली. ओढा आला तसे मामांनी समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली. बस खाली उतरली, डुलली, अक्कानं चपातीचा तुकडा मोडून त्यांच्यापुढं धरला. तो घ्यायला त्यांना एक हात सोडावा लागला.