धाकटीची फळी

साठी उलटली, केस पांढरे झाले, तरी घरात तिचं नाव धाकटीच. हे नाव प्रेमाचं आहे असं सगळे म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं? थोरल्याच्या मागून चालायचं, थोरल्याचं ऐकायचं, थोरल्याने टाकलेलं उचलायचं, एवढं सगळं त्या नावात येतं. धाकटीने त्यातलं फक्त उचलायचं काम मनापासून केलं. कारण तिच्या घरात उचलण्याला मान होता.

त्याचं असं झालं, की वडिलांनी दोघा भावंडांत मिळून एक शिडाची होडी ठेवली. होडीच्या मधोमध एक फट, आणि त्या फटीतून पाण्यात सोडायची एक उभी फळी. ती खाली असली तरच होडी सरळ धावते, नाहीतर वाऱ्याबरोबर खेकड्यासारखी आडवी सरकते. फळी भरीव लाकडाची, जड, खालच्या टोकाला लोखंडी पट्टी ठोकलेली. "भांडू नका," वडील म्हणायचे, "जो फळी उचलून आणेल, त्याने त्या दिवशी सुकाणू धरायचं. दुसऱ्याने शीड सांभाळायचं." दादा पहिल्यापासून अंगचोर. त्यामुळे फळी धाकटीच उचलायची आणि सुकाणूही तिच्याच हातात असायचं. दादा पुढे बसून शीड ओढायचा आणि फुकटचे सल्ले द्यायचा.

मग धाकटी आपल्या शिवणाच्या दुकानाच्या जिन्यावरून पडली. खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी हात झोळीत अडकवून गळ्यात बांधला आणि यापुढे जड उचलायचं नाही म्हणून बजावलं. दादा फळं घेऊन भेटायला आला.

"आता तू आरामात बस, हवा खा," तो म्हणाला. "फळी मी आणतो, सुकाणूही मीच धरतो. नियम बाबांचाच आहे, माझा नाही."

उचलली जीभ, लावली टाळ्याला! त्याचा तर सुंठेवाचून खोकला गेला होता. धाकटीचा राग तोंडातून कमी आणि हातातून जास्त बाहेर पडायचा.

"नियमात फळी उचला म्हटलंय," तो गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली. "किती जड हवी, ते कुठे म्हटलंय?"

नवरा बिचारा धक्क्यावर उभा राहिला तरी गरगरणारा माणूस. होडीतलं त्याला काही कळत नव्हतं, बायकोतलं मात्र कळत होतं.

"म्हणजे जेवायचं टेबल गेलं," एवढंच तो बोलला.

टेबल गेलंच. त्यावर फोमचा जाड तक्ता आला. नवऱ्याने तो दाबून धरायचा आणि हिने चांगल्या हाताने घासायचा. पुढची कड गोल, मागची निमुळती, आणि दर वेळी पुठ्ठ्याचा साचा लावून बघायचं. वरून काचेच्या धाग्यांचं कापड चढवायचं होतं. काचेचं असलं तरी कापडच ते! फळी पिळवटू नये म्हणून एक थर तिने उरेब, म्हणजे तिरपा कापला, आणि मधोमध कण्यासारखी कार्बनची काळी पट्टी घातली. त्यात तिची सगळ्यात आवडती कात्री बोथट झाली. कापड चिकटवायचं रेझिन आणि ते कडक करणारं हार्डनर तिने पहिल्यांदा एकदमच कालवलं, तर डबा तापून धुमसायला लागला आणि नवरा तो चिमट्यात धरून गच्चीकडे पळाला. पुढे ती वाटी-वाटीने कालवू लागली. सुकाणूचं पानही तिने असंच केलं. घरभर धूळ, अंगभर खाज, आणि जेवणं मांडीवर ताट घेऊन.

लोखंडी पट्टी तिने लावली नाही. वजन नको म्हणून तर हा सगळा खटाटोप!

फळी तयार झाली तेव्हा तिने ती एका हाताने उचलली आणि तिला रडूच फुटलं.

"दुखतंय का?" नवऱ्याने विचारलं.

"नाही हो. हलकी आहे."

होडी काढायच्या ठरल्या दिवशी ती फळी काखेत मारून धक्क्यावर पोचली. दादाने वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नाक मुरडलं.

"ही फळी? हे खेळणं आहे."

"मी उचलून आणलीय. शीड सांभाळ."

नियमच तोंडावर मारल्यावर दादा बसला पुढे. होडी धक्क्यापासून सुटली, धाकटीने फळी फटीतून खाली दाबली, आणि फळी वर आली. पुन्हा दाबली, पुन्हा वर. पोटात फोम, ती बुडेल कशाला? वडिलांनी ती लोखंडी पट्टी का ठोकली होती, ते धाकटीला आत्ता कळलं. होडी आडवी सरकत काठच्या दगडांकडे निघाली.

दादा खो-खो हसला. "पाण्यालासुद्धा नकोय तुझी फळी! चल, मागे फिर. जुनी मी आणतो."

जुनी त्याने आणली की सुकाणू त्याचं, आजही आणि इथून पुढेही. धाकटीला ते पक्कं ठाऊक होतं.

"मागे कोण फिरतंय?" ती म्हणाली. सुकाणूचा दांडा तिने गुडघ्यांत धरला, गळ्यातली झोळी डोक्यावरून काढली, फळीच्या माथ्यावरून घेऊन बाकाखालून ओढली आणि दातांनी गाठ आवळली.

"अगं, डॉक्टर काय म्हणाले होते!"

"डॉक्टर येणार आहेत का शीड सांभाळायला? ओढ!"

दादाने शीड ओढलं. फळी जागेवर बसली, होडीने पाणी धरलं आणि दगड मागे पडले. खांदा ठणकत होता. धाकटीने त्याला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या आणि लांबच्या, वळायच्या खुणेच्या तरंगत्या पिंपाला वळसा घालून होडी परत आणली. नवं सुकाणू नुसत्या बोटाने वळत होतं. दादाने वाटेत एकही सल्ला दिला नाही.

धक्क्याला लागल्यावर त्याने झोळी सोडली, फळी बाहेर काढली आणि हातात तोलून पाहिली. मग सरळ खांद्यावर टाकून होडीचं सामान ठेवायच्या शेडकडे निघाला.

"फारच हलकी आहे गं," तो खुशीत म्हणाला. "पुढच्या वेळी मीच आणतो."

धाकटीने पुढे होऊन त्याच्या खांद्यावरून ती काढून घेतली.

"ही माझ्या घरी राहणार, माझ्या टेबलावर," ती म्हणाली. "तुझ्यासाठी शेडमध्ये बाबांची आहे ना? ती उचल."

आणि झोळी खिशात कोंबून, फळी काखेत मारून ती घराचा चढ चढायला लागली.